ती गाडी थांबत नाही

पडद्यावर मी इतके मुलगे पुरले आहेत, की आमच्या सव्हाना शहराच्या बाजारात अनोळखी बायका माझा हात हातात घेऊन सांत्वन करतात. मला स्वतःला मूलबाळ नाही. पण भेंडी निवडता निवडता कुणीतरी जवळ येतं, "मिस व्हर्लीन, तुमच्या पोराचं फार वाईट झालं हो," म्हणतं, आणि मीही मान हलवून पुढची भेंडी उचलते. कोणत्या पोराचं, ते विचारत बसत नाही. एकाला पोलिसांनी गोळी घातली, एकाला गल्लीतल्या टोळीनं, एक तुरुंगात गेला, एक जुन्या काळच्या गोष्टीत गोऱ्यांनी झाडाला लटकवला. माझं काम सगळीकडे तेच. काळी टोपी, हातमोजे, शवपेटी, आणि डाव्या डोळ्यातून आधी पाणी. उजवा मागाहून येतो. हे मला कुणी शिकवलं नाही; नाट्यशाळेचं मी दारही पाहिलेलं नाही. लोकांना तेवढंच हवं होतं, तेवढं डोळा शिकला.

म्हणून जोरेल पेटवे माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली तेव्हा मी सवयीनं विचारलं, "माझा मुलगा कितव्या पानावर जातो?"

जोरेलला मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय. तेव्हाही ही पोर बाकाखाली दडून दुसऱ्यांचे पाय ओढायची. आता सिनेमाचं रीतसर शिक्षण घेऊन आली होती, पहिलाच सिनेमा करत होती, आणि अजूनही तिला रस लोकांना घाबरवण्यातच होता.

"जात नाही, आँटी," ती म्हणाली. "या सिनेमात तुम्ही एका हडळीला मारता."

"मी?"

"बिडाच्या तव्यानं."

"आणि मुलगा?"

"शेवटी घरी येतो. फ्रीज उघडतो आणि विचारतो, खायला काय आहे."

मी गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हटलं, "पोरी, सही कुठं करायची ते सांग."

गोष्ट आमच्याच किनाऱ्यावरची. लुएला नावाची विधवा बाई, म्हणजे मी, दलदलीकाठच्या जुन्या लाकडी घरात मुलाला घेऊन राहायला येते. रोज रात्री तिच्या छातीवर हडळ येऊन बसते. आमच्याकडच्या हडळी स्वतःची कातडी खुंटीला टांगून हिंडतात. त्या कातडीला आतून मीठ चोळलं की त्यांचा खेळ संपला. आणि नेमकं त्या रात्री घरातलं मीठ संपतं. लुएला पोराला, एमसला, मीठ आणायला धाडते. निर्जन रस्ता, डोक्यावर हुडी ओढलेला आमचा पोरगा, हातात मिठाचा पुडा. आणि मागून हळूहळू येणारे पोलिसांच्या एका गाडीचे दिवे.

गाडी वेग कमी करते. पोराच्या बरोबरीला येते. आणि निघून जाते.

एवढंच. पोरगा सुस्कारा सोडतो, आणि त्याच्या डोक्यावरच्या फांदीवरून हडळ खाली वाकते. कागदावर वाचतानासुद्धा माझ्या हातातला कप हिंदकळला होता.

सगळं भांडण त्या गाडीवरून.

पैसा लावणाऱ्या कंपनीचा माणूस होता कोर्टलंड बेन्स. आमच्या काळ्या लोकांतलाच, आई इथल्याच मेकन गावची, आता बस्तान लॉस एंजेलिसला. वाईट माणूस नव्हे. बाईमाणसाला खुर्ची ओढून देणारा, वाक्यागणिक 'मॅम' म्हणणारा. सिनेमाची पहिली कच्ची जोडणी बघून झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"मिस व्हर्लीन, सुंदर झालंय. माझं एवढंच म्हणणं आहे, की ती गाडी थांबावी."

"थांबून काय करावं तिनं?"

"मॅम, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. माझ्या डाव्या डोळ्यालाही माहीत होतं. मेला लगेच चुरचुरायला लागला.

"पण मग हडळीचं काय?" जोरेल म्हणाली.

"हडळ राहील की! ती दुःखाचं प्रतीक होईल." बेन्सनं हात जोडल्यासारखे केले. "हे बघ जोरेल, मी तुझा वैरी नाही. बक्षिसं कशाला मिळतात ते मी बघतोय इतकी वर्षं. बाहेरच्या देशांत आपली भुतं कुणी विकत घेत नाही. आपलं रडणं घेतात. आणि मिस व्हर्लीनसारखं रडतं कोण?"

"मी तव्यानंसुद्धा बरी मारते," मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

शेवटी ठरलं असं: शनिवारी दुपारी गावातल्या लोकांना बोलावून सिनेमा दाखवायचा. लोकांनी उचलून धरला तर जोरेलचा शेवट राहील. हॉल थंड पडला तर मंगळवारी पुन्हा चित्रीकरण; गाडी थांबेल, आणि मी शवपेटीशी उभी राहीन. पेटी येऊनसुद्धा पडली होती, दलदलीकाठच्या त्या घरामागच्या शेडमध्ये, प्लास्टिक गुंडाळून. काळ्या झग्याची मापं घ्यायला बाई येऊन गेली. टोपीचं माप तिनं विचारलंही नाही; ते तिला पाठच होतं.

एक नियम बेन्सनं बजावून सांगितला. सिनेमातल्या कुणीही त्या दिवशी प्रेक्षकांशी एक शब्द बोलायचा नाही. बोललं तर तो खेळ बाद, आणि मग कंपनीला जे हवं ते होईल.

आता प्रेक्षक आणायचे कुठून? मी आमच्या चर्चच्या मदर गॅड्सडेनना फोन केला. ऐंशी ओलांडलेली बाई, म्हणून सगळ्यांची मदर; अशर मंडळाची प्रमुख. रविवारी चर्चच्या दाराशी लोकांना जागा दाखवायला पांढरे हातमोजे घालून, एक हात पाठीमागे ठेवून उभ्या राहतात ना, त्या बायकांची सेनापती. पाळकानं प्रवचन लांबवलं तर त्यालासुद्धा नजरेनं खाली बसवेल अशी.

"भुताचा सिनेमा?" तिनं विचारलं. "तू रडत नाहीस त्यात?"

"नाही, मदर."

"मग काय करतेस?"

"घाबरते, पळते, तवा मारते."

"हं," ती म्हणाली. "बस भरून आणते."

मला काय आनंद झाला! आमच्या लोकांबरोबर सिनेमा बघणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पडद्यावरच्या माणसाला सल्ला देतात, शिव्या देतात, त्याच्या बायकोचं लफडं त्याला ओरडून सांगतात. अर्धा सिनेमा पडद्यावर, अर्धा खुर्च्यांत. आणि हा सिनेमा तर जोरेलनं रचलाच होता त्या ओरड्यासाठी. संवादांच्या मध्ये तिनं मुद्दाम जागा सोडल्या होत्या, लोकांनी भराव्यात म्हणून.

शनिवारी मी मोठा चष्मा आणि डोक्याला रुमाल अशी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. जोरेल भिंतीला टेकून उभी होती, बाहीचं टोक चावत. बेन्स मधल्या वाटेच्या कडेला, पडद्याकडे अर्धी पाठ करून. त्याला सिनेमा बघायचा नव्हता. त्याला चेहरे बघायचे होते.

चर्चची मंडळी आत आली. सगळे रविवारच्या कपड्यांत. पुरुष टाय लावून, बायका टोप्यांत. आणि मदर गॅड्सडेन पांढऱ्या हातमोज्यांत, पाठीमागे एक हात, एकेकाला खुर्ची दाखवतेय. कुणी पॉपकॉर्नसुद्धा घेतलेलं नाही. ब्रदर ओटिस, जो घरच्या टीव्हीवरच्या बातम्यांशीही भांडतो, हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखा बसलेला.

माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला कुजबुजली, "बसमध्ये काय सांगितलंय लक्षात आहे ना? लॉस एंजेलिसची माणसं आलीत. कुणी तोंड उघडायचं नाही. पोरीची लाज राखायची."

मदर गॅड्सडेननं आमचं भलं करायचं ठरवलं होतं. परक्या माणसांसमोर आपण सभ्य दिसलं पाहिजे, हे आमच्या हाडात इतकं मुरलेलं, की पाहुणे आले की आम्ही हसणंसुद्धा इस्त्री करून ठेवतो. आणि आज त्या सभ्यतेनंच माझ्या पोराचा गळा धरला होता.

दिवे गेले.

पहिला धक्का येतो तो लुएला आरशावरची वाफ पुसते तेव्हा. पुसलेल्या जागेत दोन डोळे दिसतात. मी ओरड्याची वाट बघितली. एक खुर्ची करकरली. बस्स. पडद्यावर मी किंचाळले ते भरल्या हॉलमध्ये असं घुमलं, जसं रिकाम्या विहिरीत भांडं पडावं.

मग येतो विनोद. हडळीनं फ्रीजमधला टोमॅटोतला लाल भात खाल्लेला असतो आणि लुएला पोराला रागावते. जोरेलनं तिथं हसायला जागा सोडली होती. कुणी हसलं नाही. ती जागा पडद्यावर उघडी पडली, माझा पडद्यावरचा चेहरा नुसता थांबून राहिला, बावळटासारखा, पुढचं वाक्य विसरल्यासारखा. ब्रदर ओटिसचे खांदे गदगदत होते, पण त्यानं रुमाल तोंडात कोंबला होता. ज्यांना अगदीच अनावर व्हायचं त्यांच्या दिशेनं एक पांढरा हातमोजा अंधारात वर यायचा, तळहात खाली. बसा. गप्प.

बेन्सनं सोबत आलेल्या कंपनीच्या मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं. ती मुलगी जोरेलकडे बघेना. जोरेल भिंतीला टेकून होती ती हळूहळू घसरत खाली बसली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, बरं झालं.

मी शेजारच्या खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. ओरडावंसं वाटत होतं, अरे हसा रे, तुमच्या आयांची शपथ आहे! पण एक शब्द, आणि खेळ बाद. पुढं तळघराच्या दाराचा प्रसंग येत होता. तोही असाच गेला तर गाडीपर्यंत पोचण्यात काही अर्थ नव्हता. गाडीच्या आधी हॉल तापलेला हवा. थंड हॉलमध्ये ती गाडी नुसती येईल आणि जाईल. बेन्स म्हणेल, बघा, काहीच घडत नाही.

शब्द बोलायचा नाही. पण मी तरुणपणी दोन उन्हाळे अशर मंडळात काढलेत, आणि अशर बोलत नाहीत. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना आम्ही दारं धरून ठेवतो, लोक बाहेर खोळंबतात. मग प्रमुख हात आडवा पसरते, तळहात वर. म्हणजे दारं सोडा. येऊ द्या लोकांना.

मी उठले. एक हात पाठीमागे घेतला, आणि मधल्या वाटेनं, हळू, अशरच्या चालीनं, पुढे गेले. मदर गॅड्सडेनच्या रांगेशी थांबले, तिच्याकडे वळले, हात आडवा पसरला. तळहात वर.

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. नाही.

मी हात तसाच ठेवला.

तिनं हातमोजा उचलला. तळहात खाली. बस. तिच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं: दोन उन्हाळे काम केलेल्या पोरीनं मला खुणा शिकवायच्या नाहीत.

बेन्सनं मान वळवली. वाटेत उभी कोण बाई, ते अंधारात त्याला कळेना. तो उठू लागला. माझ्या मागं पडद्यावर तळघराच्या पायऱ्या आल्या असणार. लाकडाचा तो आवाज मला पाठ होता. लुएला एकेक पायरी उतरते. दाराच्या फटीतून काहीतरी ओलं बाहेर येतंय. तिला ते दिसत नाही. तिचा हात कडीवर जातो.

माझा हात अजून पसरलेलाच. खांद्याला रग लागली होती. मदर गॅड्सडेन माझ्याकडे बघत होती, मग माझ्या डोक्यावरून पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिचा हातमोजा अर्ध्यावर खाली आला. ओठ हलले. कडीचा आवाज झाला.

"व्हर्लीन टिब्स!" मदर गॅड्सडेन खुर्चीतून उभी राहिली. "तू खाली बस, मला दिसत नाहीय! आणि तू, पडद्यावरची, ते दार उघडू नकोस, मेले!"

मग ब्रदर ओटिसच्या तोंडातला रुमाल बाहेर आला. "उघडतेय! मदर, ती उघडतेय!"

"अगं सोड ती कडी!"

"पोराला हाक मार आधी!"

"हिला पाय दिलेत कशाला देवानं? पळ!"

दार उघडलं, आणि सबंध हॉल एका घशानं ओरडला. कुणाची तरी टोपी माझ्या डोक्यावरून उडत गेली. मी होते तिथंच वाटेत फतकल मारून बसले.

त्यानंतर सिनेमा त्यांनी ताब्यात घेतला. जोरेलनं सोडलेल्या जागा त्यांनी भरल्या आणि न सोडलेल्याही भरल्या. मी तवा उचलला तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, "मूठ खालून धर, मूठ!" आणि मी खरंच चुकीची धरली होती. जोरेल उठून उभी राहिली होती. तोंडावर दोन्ही हात.

मग हडळ पुढच्या ओसरीवरून घरात शिरली, आणि हॉलमध्ये वेगळाच गलका झाला.

"थांबा! ओसरीचं छत बघा!"

"निळं आहे! निळ्या छताखालून भूत आत आलं?"

"खोटं! साफ खोटं! निळा रंग दिला की भूत येत नाही, शेंबडं पोर सांगेल!"

"माझ्या आजीनं मग इतका रंग कशाला फासला?"

बेन्सनं कपाळाला हात लावला. जोरेलचा चेहरा पडला. चित्रीकरणाचं घर भाड्याचं, छत आधीपासून निळं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे त्याच निळ्या छतांखाली वाढलेले. इतकं रोजचं, की वर बघायचं राहूनच गेलं.

पण गलका वाढेपर्यंत पडद्यावर रस्ता आला. एमस. हुडी. मिठाचा पुडा.

मागून दिवे.

आणि हॉल गप्प झाला.

ही शांतता मघाची नव्हती. मघाशी लोकांनी तोंड दाबून धरलं होतं. आता कुणी काही दाबत नव्हतं, आवाजच संपला होता. एका बाईनं शेजारच्या नवऱ्याची बाही मुठीत घेतली. ब्रदर ओटिसनं डोळे मिटले. मघापासून भुताला शिव्या देणारी ही माणसं. भुताला ती घाबरत नव्हती, खेळत होती. या गाडीशी कुणाला खेळायचं नव्हतं. मी वाटेत बसल्या बसल्या मदर गॅड्सडेनकडे पाहिलं. तिच्या मुलाची, लुशियसची, गाडी पोलिसांनी एका संध्याकाळी हमरस्त्यावर अशीच थांबवली होती. त्याला पुरलं तेव्हा दाराशी तीच उभी होती, हातमोजे घालून, एकेकाला जागा दाखवत. तिनं आता दोन्ही हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते आणि ती पडद्याकडे बघत नव्हती.

गाडी हळू झाली. पोराच्या बरोबरीला आली.

"नको," मागून कुणीतरी म्हणालं. अगदी हळू. "हा नको."

गाडी निघून गेली.

लोकांना खरं वाटेना. मग एमसनं सुस्कारा सोडला, आणि हडळ फांदीवरून खाली वाकली, आणि जो काही ओरडा झाला तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. लोक ओरडत होते आणि हसत होते. एक धिप्पाड माणूस हसता हसता रडत म्हणत होता, "भूतच आहे! देवा, नुसतं भूत आहे!"

शेवटी पोरानं फ्रीज उघडला. खायला काय आहे, हे तो विचारायच्या आत अर्ध्या हॉलनं त्याला उत्तर दिलं होतं.

दिवे लागले. बेन्स थेट माझ्यासमोर आला. खुर्ची ओढून दिली नाही.

"मिस व्हर्लीन, नियम ठरला होता."

"मी तोंड उघडलं नाही."

"तुम्ही..."

"तिनं हात हलवला," मदर गॅड्सडेन पलीकडून म्हणाली. "आणि मी तिला बस म्हणून सांगितलं. तिनं ऐकलं नाही, तो आमच्या मंडळातला प्रश्न आहे. तुमचं काय ते बोला, बेटा."

बेन्स लोकांकडे वळला. पंचवीस-तीस माणसं त्यानं पुढच्या रांगांत थांबवून घेतली. जोरेल आणि मी मागं उभ्या राहिलो. तिनं माझं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत.

कंपनीच्या मुलीनं विचारलं, सिनेमात काय आवडलं नाही?

एकाच वेळी सगळे बोलू लागले. छत. निळं छत. ब्रदर ओटिसचं मत पडलं की रंग जुना झाला की त्याचा गुण जातो. सिस्टर आल्थिया म्हणाली, जुन्याला काय झालंय, निळ्यात चुना असला पाहिजे, नुसत्या दुकानी रंगानं काय होणार? त्यावर तिसरा म्हणाला, रंगाचं सोडा, हडळ खिडकीतून आली असती तर चाललं असतं. त्यांची अशी जुंपली की त्या मुलीला कुणी विचारेना.

बेन्स जोरेलकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "ऐकतेयस ना? चुकाच काढताहेत."

मग त्यानं हात वर केला, गलका थांबवला, आणि तो प्रश्न विचारलाच.

"मंडळी, एक विचारू? ती रस्त्यावरची गाडी. समजा, ती थांबली असती तर?"

लोक एकमेकांकडे बघत होते आणि मग, एकेक करून, मदर गॅड्सडेनकडे. माझ्या मनगटातली नखं आणखी आत गेली.

ती उठली नाही. हातमोजे पुन्हा बोटांवर चढवत होती, एकेक बोट ओढून.

"गाडी थांबली असती, तर मी उठून घरी गेले असते," ती म्हणाली. "पुढचं मला पाठ आहे."

बेन्सनं मान खाली घातली. तोही आमच्यातलाच, त्याला पुढं विचारायचं धाडस झालं नाही.

"आणि मी गेले असते," ती पुढं म्हणाली, "तर त्या हडळीचं काय झालं, ते मला कोण सांगणार होतं? ते छत मात्र नीट करा. लाज आहे की नाही? आमच्या गल्लीत नवा मालक आला, त्यानं येता येता सगळी ओसरी, छतासकट, पांढरी करून टाकली. म्हणे, स्वच्छ दिसतं. त्या घरात तेव्हापासून एक माणूस धड झोपलेला नाही. असं काहीतरी दाखवा."

जोरेलनं माझं मनगट सोडलं. "आँटी," ती पुटपुटली, "पांढरी करून टाकली!"

बाहेरच्या दालनात बेन्स काचेतून बस भरताना बघत उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

"निम्मे लोक चिडलेत," तो म्हणाला.

"कशावर?"

"छतावर."

"पोरगा जगला म्हणून किती चिडले?"

बसच्या दारात मदर गॅड्सडेन एकेकाला आत जागा दाखवत होती.

"माझी आई तुमचा एकही सिनेमा सोडायची नाही," तो म्हणाला. "रडून आली की दोन दिवस गप्प असायची. मला वाटायचं, तिला आवडतं म्हणून जाते."

"तिला विचारलं होतंस?"

"नाही, मॅम." त्यानं चकचकीत बूट फरशीवर घासला. मग जोरेलला हाक मारली. "मंगळवारचा दिवस ठरलेला आहे. माणसं, कॅमेरा, सगळं. छतासाठी किती वेळ लागेल?"

"एक दिवस," जोरेल म्हणाली, इतक्या घाईनं की शब्द एकमेकांवर आदळले.

"मग छत करा. पण पुढचा खेळ अटलांटात आहे, आणि तिथं मदर गॅड्सडेन नाही. तो हॉल थंड पडला, तर गाडी थांबेल. पेटी मी परत पाठवत नाहीय."

"असू दे पेटी," मी म्हटलं. "काही खात नाही ती."

मंगळवारी दलदलीकाठच्या घरी गेलो तेव्हा पेटी शेडमध्ये तशीच होती. कामगारांनी तिच्यावर पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. मदर गॅड्सडेन न बोलावता आली होती, पाउंड केक घेऊन. तिनं आधी सगळ्यांना झाडलं, बाटल्या खाली उतरवल्या, आणि मग केक कुठं ठेवावा याचा विचार करत उभी राहिली. शेवटी तो स्वतःच्या मांडीवरच घेऊन कॅमेऱ्यामागं बसली.

प्रसंग साधा होता. रंगारी निळं छत पांढरं करून जातो. लुएला बाजारातून येते, ओसरीवर पिशवी ठेवते, वर बघते. तिला कळतं, आता कोणीही आत येऊ शकतं. एवढंच. शब्द नाही.

मी पिशवी ठेवली. वर बघितलं. रंग ओलाच होता, वास नाकात गेला. आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

"थांबा," जोरेल म्हणाली. जवळ आली. "आँटी, तो मेलेला नाही."

"माहीत आहे गं."

"मग?"

"डोळ्याला अजून कळलेलं नाही. पुन्हा घे."

तिनं स्वतःच्या बाहीनं माझा गाल पुसला. मी पिशवी उचलून फाटकापर्यंत परत गेले. कॅमेरा सुरू झाला. या वेळी पायरीवर पाय ठेवताना मी एमसचा विचार केला नाही. आत फ्रीजमध्ये किती लाल भात उरलाय याचा केला. पिशवी ठेवली. मान वर जायला लागली.

"वर बघू नकोस!" कॅमेऱ्यामागून मदर गॅड्सडेन ओरडली.

आवाज टिपणाऱ्या माणसानं कानावरचं यंत्र काढून मांडीवर आपटलं. जोरेल हसत खाली बसली. मी मात्र खरीच दचकले होते. दोन्ही डोळे कोरडे.

"घेतलंत का ते?" मी विचारलं. "ते घ्यायचं होतं."